हॉगवॉलोची म्हातारी

लॉरेल लिक, केंटकी
९ फेब्रुवारी १९३८

वर्लिन,

तुझं पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा म्हटलं, आता पाठ झालं असेल, तूच म्हण. तिने म्हणूनही दाखवलं. बहिणीचं पोर न्यूयॉर्कला चित्रं काढून पोट भरतं, हे ती ज्या घरी बाळंतपण करायला जाईल तिथे सांगते. बाई कळा देत असते आणि ही तुझं कौतुक लावून देते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात स्टेसी ब्रँहमची मुलगी शाळेत आली नाही म्हणून बघायला गेले. यंदा त्यांनी भिंतींना नवी वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. घोड्यावरून पुस्तकं वाटत फिरते ना ती बाई, ती रविवारची जुनी पानं देते. पोरगी भिंतीपाशी उभी राहून वाचून दाखवत होती आणि स्टेसी पोट धरून हसत होता. मला बरं वाटलं, मी शिकवलेली पोर वाचतेय. मग जवळ जाऊन मीही वाचलं.

‘हॉगवॉलो’ नावाची चित्रमालिका आहे, डुकरं लोळतात त्या चिखलाचं नाव. डोंगरातलं गाव, माणसं आणि डुकरं एका अंथरुणात. त्यात एक सुईण, ग्रॅनी स्लॉप. डुकरांपुढे ओततात त्या खरकट्याचं नाव दिलंय बाईला! बोळकं तोंड, पायाला सहा बोटं, हनुवटीवरून तंबाखूचा ओघळ. ती चुलीतल्या चिमट्याने मूल ओढून काढते, मग दारू पिऊन झोपते आणि बाळंतिणीच्या कुशीत डुकराचं पिल्लू ठेवून देते. बाप म्हणतो, “नाक माझ्यावर गेलंय.”

मी स्टेसीला विचारलं, “हसतोस कुणाला रे?” म्हणाला, “हे पलीकडच्या खोऱ्यातले असणार, बाई. तिथले लोक असलेच.” हे म्हणणाऱ्याच्या पायात जोडा नव्हता आणि खाटेखाली कोंबड्या होत्या.

खाली क्रॅनशॉ असं नाव आहे. तू वर्तमानपत्रांच्या चित्रांच्या धंद्यात आहेस, कधी गाठ पडली तर त्याला माझ्या वतीने विचार, की बाबा, तुला आई होती का? आणि तिला कुणीतरी बाळंत केलंच असेल ना?

ऑर्फा


न्यूयॉर्क
२० फेब्रुवारी १९३८

प्रिय ऑर्फाताई,

तुझं पत्र वाचून हसू आलं, रागावू नकोस. तू वर्गात छडी आपटतेस तशी लिहितेस.

क्रॅनशॉसाहेबांना मी ओळखतो. खरं तर मी त्यांच्याकडेच कामाला आहे. आधी सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही नाही. आम्ही सहा जण आहोत. साहेब गोष्ट सांगतात, कुणी पेन्सिलीने काढतो, कुणी शाई करतो. मी काळं भरतो आणि संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहितो. माझं अक्षर तूच वळवलंस, ते इथे कामी आलं.

ताई, ही गंमत आहे. इथे लोक पोलिसाला हसतात, सासूला हसतात, स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला हसतात. दिवसभर राबून आलेला माणूस रविवारी पान उघडतो, घटकाभर हसतो, त्यात कुणाचं काय जातं? साहेबांनी तर डोंगर एकदाच पाहिलाय, फ्लोरिडाला जाताना आगगाडीच्या खिडकीतून. मनात वाईट काही नाही. बोलायला फार चांगला माणूस आहे. मला घरी जेवायला बोलावतो.

मावशीला मात्र यातलं काही सांगू नकोस. तिला नाही समजायचं. गुडघा कसा आहे तिचा? इकडे थंडी कोरडी आहे. मक्याच्या भाकरीची आठवण येते, इथे ती केकसारखी गोड करतात.

तुझा,
वर्लिन


लॉरेल लिक
६ मार्च १९३८

वर्लिन,

आईला सांगू नकोस असं का लिहिलंस? मी माझ्या पत्रात तिचा या प्रकरणाशी संबंध लावला नव्हता. मी एका घाणेरड्या चित्राबद्दल लिहिलं होतं. संबंध तू लावलास.

म्हणून पुस्तकवाल्या बाईला गाठलं. तिच्या खोगिराच्या पिशवीत आणि दुकानातल्या रद्दीत मिळून एकतीस रविवार सापडले. शाळा सुटल्यावर दार लावून बसले आणि सगळे वाचले. मध्ये दोनदा उठून बाहेर जाऊन थुंकून आले. तोंडाला तशी घाण चव आली होती.

ग्रॅनी स्लॉप आईसारखीच डावा खांदा खाली टाकून चालते. खाटेखाली कुऱ्हाड ठेवते, कळा तुटाव्या म्हणून. फरक इतकाच की तुमच्या चित्रात ती त्याच कुऱ्हाडीने नाळ तोडते आणि त्याच घावात बापाच्या मिश्या उडवते. इथवर मी म्हटलं असतं, डोंगरात सुइणी बऱ्याच, खांदेही बरेच.

पण सोळाव्या पानावर ती पिल्लाला हातात घेते आणि म्हणते, “आलास? टेक बाबा, लांबून आलास.”

हे या जगात एकच बाई म्हणते. मी जन्मले तेव्हा मला म्हणाली असेल. तुझी आई तुला जन्म देऊन गेली, त्या वेळी स्वतःच्या बहिणीच्या प्रेताशेजारी बसून हिने तुला हेच म्हटलं. मी सहा वर्षांची होते, दारात उभी होते. मी ऐकलंय.

तुझ्या साहेबाने डोंगर खिडकीतून पाहिला. खिडकीतून हे ऐकू येतं का रे?

ऑर्फा


न्यूयॉर्क
१९ मार्च १९३८

ताई,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता सरळ लिहितो.

मी इथे आलो तेव्हा तोंड उघडलं की पाचही जण खुर्च्या फिरवून बसायचे. “पुन्हा म्हण.” साधं ‘खुर्ची’ म्हटलं तरी “पुन्हा म्हण.” एकाने एकदा माझा बूट काढायला लावला, बोटं मोजायला. मी काढला. हसत हसत काढला. जेवणाच्या सुट्टीत मी एकटा जिन्यात बसून खायचो.

एका दुपारी साहेब म्हणाले, “तुमच्याकडे डॉक्टर नसतो तर पोरं होतात कशी?” आणि मी मावशीची नक्कल केली. खांदा टाकून चाललो. कुऱ्हाडीचं सांगितलं. ते वाक्यही म्हटलं. लोक टेबलावर डोकी ठेवून हसले. ताई, त्या दिवसापासून ते मला हसायचे थांबले. मला त्यांच्यात बसायला जागा मिळाली. काय देऊन मिळाली ते मला त्याच वेळी कळत होतं, नंतर कळलं असं खोटं लिहीत नाही.

पहिलं चित्र मीच काढलं. काळं भरतो हे खोटं. ग्रॅनी स्लॉप सुरुवातीपासून माझ्या हातची आहे. पहिल्या चित्रात ती थोडी मावशीसारखीच होती, नीटनेटकी. साहेब म्हणाले, “अजून घाण कर.” मी केली. म्हणाले, “अजून.” मी दात पाडले, सहावं बोट दिलं, ओघळ काढला. “अजून.” प्रत्येक वेळी लोक जास्त हसले. आता तर मला कुणी सांगावंही लागत नाही.

आरशात बघायची लाज वाटते असं लोक म्हणतात. मला लाजेपेक्षा किळस येते. कॉलरखाली मळ असावा तशी, सारखी.

तू काय म्हणशील ते ऐकेन. काहीतरी म्हण.

वर्लिन


न्यूयॉर्क
१० मे १९३८

ताई,

सात आठवडे झाले. उत्तर देऊ नकोस, पण एवढं वाच.

आपल्या जिल्ह्याच्या गावातल्या, पेरिलच्या, व्यापाऱ्यांनी साहेबांना पत्र पाठवलंय. शनिवारी, २८ मे रोजी ते ‘हॉगवॉलो दिवस’ करणार आहेत. लोकांनी ग्रॅनी स्लॉपची सोंगं घ्यायची, उत्तम सोंगाला बक्षीस. बाहेरगावचे पाहुणे येतील, हॉटेल भरेल, असा त्यांचा हिशेब. साहेबांनी सहा फुटी चित्र सही करून पाठवलं. ते मला काढायला लावलं. मी काढलं.

पत्रात त्यांनी लिहिलंय की आमच्याकडे डोंगरात खरी ग्रॅनी स्लॉप आहे, तिलाही आणतो. साहेबांना फार मजा वाटली.

त्या दिवशी मावशीला घराबाहेर पडू देऊ नकोस. कोण काय सांगत आलं तरी.

वर्लिन


लॉरेल लिक
३१ मे १९३८

वर्लिन,

तुझं दहा तारखेचं पत्र मी काल उघडलं. मार्चच्या पत्रानंतर तुझा हात लागलेला कागद मला धरवत नव्हता. आलं तसं घड्याळामागे सारलं. पंधरा दिवस ते तिथे होतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना सगळं तुझ्याच माथी आहे असं तुला वाटायला नको.

वीस तारखेला दोन माणसं आली. ओढ्याच्या तोंडाशी मोटार ठेवून चालत वर आली. टोप्या काढून आईशी बोलली. म्हणाली, “मावशी, एक्केचाळीस वर्षं तुम्ही या जिल्ह्याची बाळंतपणं केलीत. गावाला तुमचा मान करायचाय.” मी विचारलं, “कसला कार्यक्रम?” तर म्हणे, “डोंगरदिन.” आईने माझ्याकडे बघितलं, लहान पोर आईकडे बघतं तसं, जाऊ का म्हणून. मीच म्हटलं, “जा की! कधी नव्हे ते कुणाला सुचलंय.” तिचा काळा पोशाख मी इस्त्री केला, वर्लिन. माझ्या हाताने. गळ्याला तुझ्या आईची पांढरी लेस लावली.

पेरिलमध्ये न्यायालयासमोर मंडप घातला होता. मोटारीतून उतरलो तर समोर तीस-चाळीस माणसं, बायका, पुरुष, पोरं, गोणपाट नेसलेली, दातांना काजळी फासलेली. आई मला म्हणाली, “अगं, या सगळ्यांचे दात गेलेत की काय? कसली साथ आली?” मला कळलं होतं तोवर. मी तिचा दंड धरला, म्हटलं, घरी चल. पण त्या दोघांनी तिला दोन्हीकडून धरून वर नेलंच होतं. नेताना ती मागे वळून म्हणाली, “थांब गं, एवढं बोलावलंय तर.”

वर एक जण कर्ण्यातून ओरडला, “सोंगं पुरे! ही बघा खरी ग्रॅनी स्लॉप!” लोकांनी टोप्या उडवल्या. आईला वाटलं, आपल्यासाठीच. तिने मान झुकवली. मग तिच्या हातात दारूचा बुधला दिला आणि तोंडात मक्याच्या कणसाचा पाइप खुपसायला गेले. “मी ओढत नाही, बाबा,” ती म्हणाली. लोक हसले. तीही हसली. तिला वाटलं, आपण काहीतरी गमतीचं बोललो.

मग ती बोलायला लागली. तिला वाटलं, मान केलाय तर चार शब्द बोलावे. समोर गोणपाटातला एक जण होता, धान्यवाल्या स्पार्क्सचा मुलगा. “तू ड्युई ना? तू पायाळू आलास. दोन रात्री लावल्यास. निळा होतास, तोंडात फुंकून फुंकून रडवलं तुला.” लोक हसून वाकले. ड्युई सगळ्यांत जास्त. “आणि तू रे, तुझ्या गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे.” पुन्हा हशा. ती एकेकाला ओळखत होती, काजळीतूनही. अर्धा मंडप तिच्या हातातून आलेला. ती ओळखेल तितकं ते हसत होते, आणि एकाचीही मान खाली गेली नाही. मी बघत होते, एक तरी जाईल म्हणून. मला ओकारी आली. मंडपाच्या खांबामागे जाऊन मी खरंच ओकले.

परत आले तेव्हा ती बोलायची थांबली होती. तिने मागे वळून ते सहा फुटी चित्र बघितलं होतं. अजून ती तेच बघत होती. लोकही हळूहळू गप्प झाले, पुढची गंमत काय होते म्हणून.

मी वर चढले तेव्हा ती मला हळूच म्हणाली, “कान बघ. वर्लिन कान असे काढतो. दाराच्या फळीवर कोळशाने काढायचा तेव्हापासून.” तिने चित्रातल्या हातांवर बोट ठेवलं. कोपरापर्यंत काळे, नखांत शेण. म्हणाली, “नाक असू दे. दात असू देत, होतील तसे. पण माझे हात असे असतात का गं?”

मी म्हटलं, “नाही, आई.”

“मग त्याला माहीत नाही का? पाणी तोच तापवून द्यायचा मला. साबण कोपरापर्यंत चोळते की नाही ते तोच बघायचा.”

मोटारीत ती बसली नाही. अकरा मैल ओढ्याच्या काठाने चाललो. शनिवारपासून तुझं नाव तिने घेतलेलं नाही. मीही काढत नाही.

ऑर्फा


न्यूयॉर्क
१३ जून १९३८

ताई,

तुझं पत्र घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, ग्रॅनी स्लॉपला संपवा. मारा, गावाला पाठवा, काहीही करा. ते म्हणाले, “पोरा, चारशे वर्तमानपत्रांत येते ती. लोक पहिल्यांदा तिलाच शोधतात. ती आता तुझी नाही.” मी म्हटलं, ती माझी मावशी आहे. ते खरोखर चकित झाले. म्हणाले, “हे आधी सांगायचंस! केवढी मजेची बातमी आहे ही.” आणि फोन उचलायला गेले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी असं बघितलं की जणू मी चावणार होतो.

मी काम सोडलं. निघताना कुणी खुर्ची फिरवली नाही.

वाटलं होतं, माझ्यावाचून ती बंद पडेल. कालचं पान बघितलं. माझ्या शेजारी बसायचा तो आता काढतो. ती मंडपात उभी आहे, तिचा सत्कार चाललाय आणि ती प्रत्येक पाहुण्याला सांगतेय की तू डुकरिणीला झालास. पेरिलच्या वर्तमानपत्राने साहेबांना कात्रण पाठवलं असणार. कान वेगळे आहेत. हात माझ्यापेक्षा घाण आहेत.

मी ते परत घेऊ शकत नाही, ताई. मी काढलं नाही तरी ती येत राहणार, दर रविवारी.

मला घरी यायचंय. माफी मागायला असं लिहीत होतो, पण तो शब्द लिहिला की खोटा वाटतो. नुसतं यायचंय. येऊ का?

वर्लिन


लॉरेल लिक
२७ जून १९३८

वर्लिन,

येऊ का म्हणून विचारलंस. मी आईला विचारलं नाही, कारण ती हो म्हणेल. म्हणून मीच लिहिते, इकडे काय चाललंय ते.

या महिन्यात दोघींनी आईला बोलावलं नाही. एकीला खुर्चीवर बांधून पेरिलच्या डॉक्टरकडे नेत होते. ओढ्यातल्या खडकावर बाळंत झाली, नवऱ्याच्या कोटावर. ती आणि मूल दोघं जगली, नशीब. नवरा दुकानात सांगत होता, “त्या बाईचे हात कसे असतात ते पेपरात येतं.” त्याला वाचता येत नाही. चित्र बघता येतं.

तिसरी स्टेसी ब्रँहमची बायको. तिला अवघड गेलं तेव्हा स्टेसी धावत आला. आई उठेल असं मला वाटलं नव्हतं. ती उठली. मी बरोबर गेले. दारात स्टेसीची सासू उभी होती, आडवा हात धरून. ती म्हणाली, “आधी हात दाखव.” थोडं हसत म्हणाली, आईला फार वाईट वाटू नये म्हणून. आत भिंतीवर तेच पान अजून चिकटलेलं होतं.

आईने बादली मागितली. अंगणात सगळ्यांसमोर बाह्या वर करून साबण चोळला, कोपरापर्यंत, एकदा, दोनदा, तीनदा. हात लाल झाले. मग ती त्या बाईपुढे उभी राहिली आणि दोन्ही तळवे पुढे केले. उलटे करून दाखवले. नखं दाखवली. चोर पकडल्यावर हात पुढे करतो ना, तशी. सासू बाजूला झाली. मूल नीट झालं, मुलगी.

मला वाटलं, झालं, एकदाचं गेलं. पण त्यानंतर ती आणखी दोन घरी गेली आणि तिथे कुणी काही म्हटलं नव्हतं. तरी तिने दारातच बादली मागितली, हात धुतले, उलटसुलट करून दाखवले, आणि समोरचा “असू दे, मावशी” म्हणेपर्यंत तशीच उभी राहिली. काल पुस्तकवाली बाई नुसती पाणी प्यायला थांबली, तर पेला देण्याआधी आईने तिलाही हात दाखवले. त्या बाईला कळेना कुठे बघावं. मलाही हल्ली कळत नाही. मी दुसऱ्या खोलीत जाते.

पेरिलच्या त्या लोकांचा मला वीट आलाय, तुझ्या साहेबाचा आलाय, तुझा आलाय, आणि इस्त्री करणाऱ्या माझा सगळ्यांत जास्त. पण घर तिचं आहे आणि तू तिने वाढवलेला आहेस. तेव्हा ये.

फक्त एक. तू दारात आलास की ती तुझ्यासमोरही हात पुढे धरणार आहे. ती त्यात राग आणणार नाही, टोमणा मारणार नाही. आता ती सगळ्यांना दाखवते, तसे तुलाही दाखवेल आणि तू काही म्हणेपर्यंत तशीच उभी राहील. तेव्हा काय म्हणायचं ते ठरवून मगच गाडीत बस.

ऑर्फा